व्हिएतनामचे दोन ऊद शेजारी शेजारी: सात आठवड्यांच्या नोंदी

ऊद म्हटलं की आपल्याकडे आधी निखाऱ्यावर टाकायचा लोबानाचा खडा डोळ्यांपुढे येतो. उदबत्तीतला ऊदही तोच. या लेखातला ऊद वेगळा आहे. अरबीत ऊद म्हणजे अगरूचं लाकूड, आणि ते पाण्यात उकळून वाफेतून धरलेलं तेल म्हणजे देहन अल ऊद. संस्कृतात अगुरूला 'कृमिज' असंही नाव आहे आणि ते फार नेमकं आहे. निरोगी झाडाच्या पांढुरक्या लाकडाला हा वास नसतोच. खोडाला जखम झाली, आत बुरशी शिरली, की झाड स्वतःला वाचवायला राळ धरतं. राळेने काळपट झालेला तो भाग म्हणजे अगर.

अगरूच्या तेलाची तुलना करायला बसताना भीती वाटते ती दोन कारणांनी. एक, थेंबाला शंभर-दीडशे रुपये पडतात, त्यामुळे चुकायला जागा नाही असं वाटतं. दुसरं, पहिल्या हुंगण्यात नाक गोंधळतं आणि तेलाबद्दल भलतंच मत होतं. पहिली भीती बरीचशी अनाठायी निघाली, दुसरी पूर्ण खरी. म्हणून सगळं क्रमाने लिहितो, चुकलेल्या दिवसासकट.

खरेदी फेब्रुवारी २०२५ ची. २०२५ मध्ये व्हिएतनामचं नववर्ष, तेत, २९ जानेवारीला होतं. त्याच्या आगेमागे दुकानं आणि कारखाने बंद असतात, म्हणून मुद्दाम फेब्रुवारीचा मध्य धरला. ई-व्हिसाची फी २५ डॉलर. मंजुरीला पाच दिवस लागले. अर्जातलं नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, त्याच क्रमाने भरा. बरेच अर्ज तिथेच अडकतात.

पहिलं तेल खान्ह होआ प्रांतातल्या न्हा ट्रांग शहरात घेतलं, १७ फेब्रुवारीला. या प्रांताला व्हिएतनामी लोक 'अगरूची भूमी'च म्हणतात. इथल्या पो नगरच्या, चाम लोकांच्या देवळातल्या देवीच्या कथेत ती 'की नाम'च्या ओंडक्यात शिरून समुद्रातून उत्तरेकडे वाहत जाते. की नाम म्हणजे अगरूतला सर्वांत दुर्मीळ प्रकार, जपानी लोक ज्याला क्यारा म्हणतात तो. त्या देवळाच्या परिसरातले जुने शिलालेख संस्कृतात आहेत आणि त्यांत देवीला भगवती म्हटलंय, एवढं सांगून पुढे जातो, नाहीतर हा लेख देवळातच संपेल.

बाजारात समोर मांडलेल्या असतात माळा, कडी आणि धूप. त्यातली बरीचशी कडी साध्या लाकडाला तेल पाजून केलेली असतात. तेल आत, कपाटात. दाखवायला सांगितलं की आधी मनगटाला लावायला बघतात. लावू देऊ नका. एकदा एक तेल त्वचेवर बसलं की पुढचे कित्येक तास दुसऱ्याचा निवाडा होत नाही. कागदाच्या पट्टीवर मागा, पट्टी बाहेर उघड्यावर नेऊन हुंगा आणि बोलणं मात्र कारखान्याचं काढा: झाड कोणत्या जातीचं, लागवडीचं की जंगलातलं, लाकूड किती दिवस भिजवलं, भांडं तांब्याचं की स्टीलचं, आच किती दिवस, तेल कधी काढलं. ज्याने तेल स्वतः काढलंय तो याची उत्तरं थांबून, आठवून देतो. ज्याने डब्यातून कुपीत ओतलंय तो 'शंभर टक्के शुद्ध' एवढंच म्हणत राहतो. भाषांतराच्या ॲपवर 'भिजवणं' हा शब्द नीट जात नाही. 'लाकूड पाण्यात किती दिवस ठेवलं' असं पूर्ण वाक्य लिहा.

या तेलाची उत्तरं अशी: ॲक्विलेरिया क्रास्ना, लागवडीचं, खोडाला भोकं पाडून राळ धरवलेलं, भुगा बावीस दिवस भिजवलेला, स्टीलचं भांडं, सहा दिवस आच, तेल २०२३ च्या मध्याला काढलेलं. ३ मिलीला ४८ लाख डोंग, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण १६,४०० रुपये.

दुसरं तेल उत्तरेकडच्या 'हा तिन्ह' नावाच्या प्रांतातल्या हुआंग खे भागातलं. हा भाग तिथल्या पपनसासाठीही प्रसिद्ध आहे. तिथल्या एका लहान उत्पादकाकडून न्हा ट्रांगच्या हॉटेलच्या पत्त्यावर मागवलं, तीन दिवसांत आलं, पैसे हातात माल आल्यावर. जात तीच, लागवडच. पण भिजवण फक्त तीन दिवस, स्टीलच्याच भांड्यात तीन दिवस आच, आणि तेल ऑक्टोबर २०२४ चं, जेमतेम चार महिन्यांचं. ३ मिलीला २५.५ लाख डोंग, साधारण ८,७०० रुपये. दोघांकडूनही त्याच लाकडाच्या दोन-दोन ग्रॅम ढलप्या मागून घेतल्या. या ढलप्या पुढे फार कामी आल्या. तेल घेताना त्या जरूर मागा.

म्हणजे दोन तेलांत फरक एकच नव्हता. प्रांत वेगळा, भिजवण वेगळी, आच वेगळी, वय वेगळं. अशी तुलना करताना 'हा फरक मातीचा' असं पटकन म्हणायचा मोह होतो. सगळी चाचणी या एका मोहाशीच होती.

आणण्याबद्दल. अगरूची सगळी ॲक्विलेरिया झाडं साइट्स कराराच्या (दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्यांचा व्यापार परवान्यावर चालतो. प्रवाशाच्या वैयक्तिक सामानासाठी साइट्सने माणशी २४ मिली तेल आणि १ किलो ढलप्या अशी सवलतीची मर्यादा घातली आहे, पण एखादा देश स्वतःचा नियम याहून कडक ठेवू शकतो, म्हणून निघण्याआधी विचारून घ्यावं. ही सवलत स्वतःबरोबर नेलेल्या सामानापुरतीच आहे. तेच तेल मागाहून कुरियरने मागवलं तर ती लागू होत नाही, आणि निर्यात परवान्याचा प्रश्न येतो. बिलावर झाडाचं शास्त्रीय नाव, 'लागवडीचं' हा शब्द आणि मिली लिहून घेतले. एकूण किंमत साधारण २५,००० रुपये, तेव्हाच्या ५०,००० रुपयांच्या जकातमुक्त मर्यादेच्या आत. कुप्यांच्या आट्यांवर नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळली, मग झिपच्या पिशवीत. विमानात दाब बदलतो आणि सैल बुचातून तेल पाझरतं. अजून एक: नंतर लेबलांबद्दल गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो, १ जुलै २०२५ पासून व्हिएतनाममधले बरेच प्रांत एकत्र केले गेले. खान्ह होआत निन्ह थुआन आला, क्वांग नाम दा नांगमध्ये गेला. हा तिन्ह होता तसाच आहे. जुन्या कुप्यांवर जुनीच नावं दिसतील.

पुण्यात आल्यावर कुप्या अडीच आठवडे लाकडी कपाटात, अंधारात. हा तिन्हचं तेल नवं, त्यात भांड्याचा वास होता, वाफेवर करपल्यासारखा. तो उडावा म्हणून दर दोन दिवसांनी बूच पाच मिनिटं काढून ठेवायचं. खान्ह होआच्या तेलाला याची गरज नव्हती, पण वागणूक सारखी हवी म्हणून त्याचंही काढलं. रबराचा फुगा असलेला ड्रॉपर कुपीवर ठेवू नका. अगरूच्या तेलाच्या वाफेने रबर चिकट होतं आणि त्याचा वास तेलात उतरतो. काचेची दांडी चांगली.

या दिवसांत भेसळीची घरगुती तपासणी केली. बाजारातल्या बऱ्याच खुणा निरुपयोगी आहेत. पाण्यावर तरंगणं किंवा बुडणं, थंडीत घट्ट होणं, कागदावर डाग राहणं, यातलं काहीच पुरावा नाही. जड अस्सल तेलही कागदावर डाग ठेवतं. एक खूण मात्र उपयोगी आहे. अर्ध्या चमचा पाण्यात टाचणीच्या डोक्याएवढं तेल टाकून हलवा. पातळ करायला डायप्रोपिलीन ग्लायकॉल घातलेलं असेल तर तेवढा भाग पाण्यात मिसळून जातो आणि उरलेलं तेल पाण्याला दुधाळ करून सोडतं. अस्सल तेल हलवलं तरी थोड्या वेळात पुन्हा गोळा होतं. दोन्ही तेलं गोळा झाली. बाकीचा निकाल प्रयोगशाळेतच लागतो.

सामानाचा खर्च: हजारांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा १,८०० रुपये, वासाच्या शंभर पट्ट्या २५०, डायप्रोपिलीन ग्लायकॉल १०० मिली २०० रुपये, अभ्रकाच्या दहा चकत्या १५०, तापमान बदलता येणारी विजेची धूपदाणी १,६००.

पहिली चाचणी ९ मार्चला, रविवारी, पहाटे सहाला. मार्चमध्ये पुण्यात दुपार पस्तिशीच्या वर जाते आणि वरचे हलके वास चुलीवर ठेवल्यासारखे उडतात. पहाटे हवा थंड आणि शेजारच्या फोडण्या सुरू व्हायच्या आत. त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी फेकून द्याव्या लागल्या. पट्ट्या कुपीत बुडवल्या होत्या. एक जरा जास्त बुडाली, दुसरी कमी. आणि वर दोन्ही एकाच पेल्यात उभ्या केल्या. तेलाचा थर जाड असला की हलका भाग हळू उडतो, म्हणून जास्त बुडालेली पट्टी तासाभरानेही 'ताजी' वाटत राहिली आणि तिचं कौतुक झालं. पेल्यात तर दोन्ही वास एकमेकांवर चढले.

१० मार्चला नीट केलं. पंखा बंद, कारण वाऱ्याने काटा थरथरतो. प्रत्येक पट्टीवर दांडीने नेमकं ०.०१० ग्रॅम. पट्ट्या दोन वेगळ्या खोल्यांत कपड्याच्या चिमट्यात आडव्या. हुंगताना पट्टी नाकापासून दोन बोटं लांब, तीन छोटे श्वास, मग निदान अर्धा मिनिट थांबायचं. दोन तेलांमध्ये दहा-पंधरा मिनिटांची सुट्टी. कॉफीच्या बिया हुंगून नाक ताजं होत नाही. उघड्या खिडकीशी उभं राहणं तेवढंच गुणाचं, आणि आपलाच कोपर हुंगणंही.

खान्ह होआचं तेल आधी गोठ्यात नेतं. ओला कडबा, आंबोण, आणि त्यावर चामड्याचा नवा पट्टा. हा वास बावीस दिवसांच्या भिजवणीचा आहे. भुगा पाण्यात आंबतो, जिवाणू आम्लं तयार करतात, त्यातली लहान आम्लं उग्र असतात आणि वाफेबरोबर तेलात येतात. नवख्या नाकाला इथेच 'खराब झालंय' असं वाटतं. पंधराव्या मिनिटाला आंबटपणाला चिंचेच्या जुन्या गोळ्यासारखी गोलाई आली. तासाभराने गोठा मागे गेला आणि गुऱ्हाळातली काकवी पुढे आली, तीही तळाला किंचित लागलेली, कडवट गोड. चौथ्या तासाला दालचिनी आणि सुंठ. हा टप्पा फार सुंदर आहे. पट्टी ठेवून द्यावीशी वाटत नव्हती.

हा तिन्हचं तेल बूच उघडताच स्वच्छ. कोरडं लाकूड, रंधा मारताना उडणारी ताजी ढलपी, आणि तिच्यात कापराच्या जवळ जाणारा गारवा. पहिली दहा मिनिटं करपल्याची बारीक छटा होती, अडीच आठवड्यांत ती पूर्ण गेली नव्हती. पंधराव्या मिनिटापासून कडवटपणा, पपनसाच्या सालीखालच्या पांढऱ्या गरासारखा. (तिथे पपनस पिकतं हे आधीच ठाऊक होतं, त्यामुळे ही उपमा नाकाची की डोक्याची, याची खात्री देत नाही. म्हणूनच पुढची चाचणी लपवून केली.) तासाभराने वाळ्यासारखा मातकट थंडावा. गोडी आली ती चौथ्या तासानंतर, आणि तीही मधाची, गुळाची नव्हे.

आठव्या तासाला दोन्ही पट्ट्यांवर पहाटेचं भांडण उरलं नव्हतं. दोन्हीकडे तोच मंद, कोरडा, किंचित कडू गोडवा. चोवीस तासांनी तर नोंदवहीत दोन्हींपुढे जवळपास तेच शब्द लिहिले गेले.

११ आणि १२ मार्च त्वचेवर. त्याआधी पातळ केलेल्या तेलाचा बारीक ठिपका कोपराच्या आत लावून एक दिवस थांबलो. खाज, लाली काही नाही. आंघोळ बिनवासाच्या साबणाने, हातांना खोबरेल नाही. ११ तारखेला डाव्या हातावर खान्ह होआ, उजव्यावर हा तिन्ह. १२ ला उलट. हात बदलणं गरजेचं आहे, कारण उजव्या हाताने दिवसभर काम होतं, तो जास्त धुतला जातो, जास्त घासला जातो. त्वचेच्या उबेने गोठा कागदापेक्षा लवकर, वीसेक मिनिटांत विरला. हा तिन्हचा गारवा मात्र कागदावर तासभर टिकला होता, तो त्वचेवर अर्ध्या तासातच मावळला. कोणतं तेल वापरायचं हे ठरवायला त्वचाच हवी, तुलना करायला कागद.

१३ मार्चला होळी, मग धुळवड. गल्लीतल्या धुराचा वास पडद्यांत बसतो. १५ पर्यंत सुट्टी घेतली.

१७ ला तेलं मोजून पातळ केली: ०.१ ग्रॅम तेल, ०.९ ग्रॅम डायप्रोपिलीन ग्लायकॉल, म्हणजे दहा टक्के. शुद्ध इथेनॉल जास्त चांगलं, पण महाराष्ट्रात तो परवान्याखालचा माल आहे. ग्लायकॉलमध्ये वास जरा सुस्त होतो, पण दोन्हींचा सारखाच. पातळ केल्यावर तेल वाचतं हा एक फायदा. दुसरा मोठा: घट्ट तेलात एका वासाखाली दुसरा दबलेला असतो, तो वर येतो. खान्ह होआमध्ये एक फुलाचा धागा निघाला, जो घट्ट तेलात एकदाही सापडला नव्हता.

२२ आणि २३ मार्चला तीन पट्ट्यांची चाचणी. घरातल्या दुसऱ्या माणसाने पट्ट्यांच्या मागे आकडे टाकले. प्रत्येक फेरीत तीन पट्ट्या, दोन एका तेलाच्या, एक दुसऱ्याची; वेगळी कोणती ते ओळखायचं. प्रत्येक पट्टीवर पातळ तेल ०.०५ ग्रॅम, फेऱ्यांमध्ये दहा मिनिटं, दिवसाला तीनच फेऱ्या. नुसत्या अंदाजाने सांगितलं तरी तिनात एकदा बरोबर येतंच, म्हणून सहापैकी निदान पाच बरोबर आले तरच फरक खरोखर कळतोय असं धरतात. पहिल्या पाच मिनिटांत सहापैकी सहा. त्याच पट्ट्या आठ तासांनी आकडे बदलून पुन्हा हुंगल्या तेव्हा सहापैकी चार. म्हणजे संध्याकाळी ही दोन तेलं मला खात्रीने वेगळी सांगता आली नाहीत.

राहिला प्रश्न मातीचा. ३० मार्चला पाडवा होता, घरात धूप आणि नैवेद्याचा दरवळ, म्हणून तो आठवडा सोडून ५ एप्रिलला ढलप्या काढल्या. या ढलप्या भिजवलेल्या नाहीत, उकळलेल्या नाहीत. धूपदाणीवर अभ्रकाची चकती, तिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, सुरुवात १०० अंशांपासून, मग हळूहळू १५० पर्यंत. १८० च्या पुढे गेलात की कडा करपते आणि वास धुराचा होतो. तापलेलं लाकूड तेलापेक्षा गोड असतं, त्याला कारण आहे. राळेतली क्रोमोन नावाची जड द्रव्यं उकळीच्या वाफेबरोबर फारशी तेलात येत नाहीत. ती लाकडात तापली की फुटतात आणि त्यांतून बेंझिल ॲसिटोनसारखे गोड, फुलासारखे वास सुटतात.

खान्ह होआच्या तुकड्यात गोठ्याचा मागमूसही नव्हता. दोन्ही तुकडे तेलांपेक्षा एकमेकांच्या कितीतरी जवळ होते. फरक होता, पण बारीक: दक्षिणेच्या लाकडात मसाला थोडा पुढे, उत्तरेच्या लाकडात गारवा थोडा जास्त वेळ. दोन ग्रॅममधून चार-पाच तुकडे जाळून याहून मोठं विधान करता येत नाही. पण पहाटेचा तो ठळक फरक बराचसा पिंपातल्या पाण्याचा आणि आचेचा होता, प्रांताचा कमी, एवढं मी ढलप्यांच्या जोरावर म्हणेन. 'व्हिएतनामी ऊद गोड असतो' किंवा 'गोठ्यासारखा असतो' असं एका कुपीवरून कोणी सांगितलं तर आधी भिजवण किती दिवसांची ते विचारा.

कोणतं घ्यावं असं विचाराल तर: रोज लावायला, चार माणसांत जायला हा तिन्ह, पण लावून दहा मिनिटं थांबून बाहेर पडा. घरी बसून चौथ्या तासाची वाट बघायची तयारी असेल तर खान्ह होआ. दुप्पट किंमत त्या चौथ्या तासासाठी मला पटते.

शेवटी कुप्या काट्यावर ठेवल्या. सांडलेलं, दांडीला राहिलेलं धरून प्रत्येकी जेमतेम ०.३ ग्रॅम तेल गेलं होतं. म्हणजे या सगळ्या चाचणीला १ मिली भरपूर होतं. सुटी १ मिलीची कुपी मिळते का ते आधी विचारायला हवं होतं. तेवढ्यात साडेआठ हजारांच्या आत दोन्ही तेलं झाली असती. हा तिन्हच्या कुपीवर तेव्हाच चिठ्ठी लावली: 'ऑक्टोबर २०२५, वर्ष पूर्ण, पट्टीवर ०.०१०, पहाटे सहा.' करपल्याची ती छटा तोवर जाते का, ते बघायचं होतं.